बीअरच्या कॅनचा पत्रा आणि आमची स्प्लेंडर

आमच्या मिरजेच्या घरी माळ्यावर एक पोतं आहे. त्यात एका दीडशे सीसीच्या गाडीचं पुढचं अख्खं तोंड आहे: दोन शॉकअप, वरची-खालची टी, सतरा इंची अलॉय व्हील, डिस्क प्लेट, कॅलिपर आणि लिव्हरसकट मास्टर सिलिंडर. 2021च्या मे महिन्यात हे सगळं मी बाबांच्या 2003च्या स्प्लेंडरला बसवलं आणि ऑगस्टमध्ये काढून पोत्यात भरलं. मधे काय झालं ते सांगणारच आहे. पण आधी एक पुस्तक आणि एक सिनेमा, कारण हा उद्योग मी त्या दोघांच्या नादाने केला. आणि आता त्या दोघांशी माझं भांडण आहे.

पुस्तक म्हणजे रॉबर्ट पर्सिगचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स', 1974 सालचं. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर प्रत्येक विंगमध्ये याची एक प्रत असते, बहुतेकदा पायरेटेड, आणि ती पहिल्या साठ पानांपर्यंतच मळलेली असते. सिनेमा म्हणजे रॉजर डोनाल्डसनचा 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन', 2005 सालचा. नावातला इंडियन म्हणजे आपण नव्हे, इंडियन नावाची अमेरिकन मोटरसायकल. न्यूझीलंडमधल्या इन्व्हरकारगिल या गावातला बर्ट मन्रो 1920 सालची इंडियन स्काउट आयुष्यभर घरच्या शेडमध्ये सुधारत राहिला आणि वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर तिने विक्रम केला, त्याची गोष्ट. अँथनी हॉपकिन्स मन्रो झालाय.

दोन्ही गोष्टी एकाच माणसाचं कौतुक करतात. गाडी कंपनीने दिली तशी न स्वीकारणारा, हाताशी असेल त्या वस्तूतून पार्ट घडवणारा माणूस. आपल्याकडे अशा माणसाला जुगाडू म्हणतात आणि म्हणताना किंचित हसतात. पर्सिग आणि डोनाल्डसन हसत नाहीत, उलट त्याला जवळजवळ संतपदाला नेतात. विशीतल्या पोराला याची केवढी भूल पडते, ते मी स्वतःवरून सांगू शकतो.

पर्सिगच्या पुस्तकातला सगळ्यात गाजलेला प्रसंग बीअरच्या कॅनचा. निवेदकाच्या मित्राकडे, जॉनकडे, नवी महागडी बीएमडब्ल्यू आहे. तिचं हँडल क्लॅम्पमध्ये सैल होऊन घसरतंय. निवेदक म्हणतो, मधे पातळ पट्टी घातली की झालं. पट्टी कुठून आणायची? बीअरचा रिकामा कॅन कापायचा. ॲल्युमिनियम मऊ असतं, दाबलं की फट भरतं, आणि गंजून खराब होत नाही. तांत्रिकदृष्ट्या उपाय शंभर टक्के बरोबर आहे. जॉनचं मात्र तोंड उतरतं. बीएमडब्ल्यूला बीअरचा पत्रा! तो हँडल तसंच घसरू देतो. मग निवेदक मनाशी म्हणतो की आपलं चुकलं. गुपचूप पट्टी कापायला हवी होती, त्यावरची छपाई खरवडायला हवी होती, आणि जर्मनीहून मागवलेली खास पट्टी आहे, शेवटचीच उरलीय, असं सांगायला हवं होतं. जॉन खूश झाला असता.

या विनोदावर मी पहिल्यांदा हॉस्टेलमध्ये मोठ्याने हसलो होतो. आता हसू येत नाही. कारण पुढे.

पर्सिग या प्रसंगातून त्याचा मोठा सिद्धांत उभा करतो. जगात दोन प्रकारची माणसं. काहींना वस्तूचं वरचं रूप दिसतं, काहींना तिच्या आतली रचना. जॉनला पट्टी ही 'बीअरचा कॅन' म्हणून दिसते, निवेदकाला ती 'योग्य जाडीचा मऊ धातू' म्हणून दिसते. आम्ही इंजिनिअर हे वाचून लगेच स्वतःला दुसऱ्या रांगेत उभं करतो. ही विभागणी मुळातच वाचकाची खुशामत करणारी आहे. हे पुस्तक हातात घेऊन 'मी जॉन' म्हणणारा वाचक मला अजून भेटलेला नाही.

सिनेमातली खुशामत वेगळी आहे, आणि खरं सांगायचं तर अधिक गोड. मन्रो जुनी पिस्टनं वितळवून वाळूच्या साच्यात नवं पिस्टन ओततो. टायरची नक्षी स्वयंपाकघरातल्या सुरीने तासतो. पेट्रोलच्या टाकीला बाटलीचं बूच. शेजारचा पोरगा शेजारी बसून प्रश्न विचारतोय. खरा मन्रो याहूनही अचाट होता. मायक्रोमीटरऐवजी चाकाच्या जुन्या स्पोकने माप घ्यायचा आणि कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधून कनेक्टिंग रॉड हाताने घासून काढायचा. मूळ गाडी कंपनीतून निघाली तेव्हा ताशी 55 मैलांची होती, म्हणजे आपल्या स्प्लेंडरइतकीच, साधारण 88 किलोमीटर. इंजिन 600 सीसीचं होतं, ते त्याने वाढवत वाढवत 950पर्यंत नेलं. 1967 साली त्याच्या नावावर लागलेला विक्रम होता 183.586 मैलांचा. त्यात हिशेबाची चूक असल्याचं पुढे त्याच्या मुलाच्या लक्षात आलं आणि 2014 साली, मन्रो जाऊन छत्तीस वर्षं झाल्यावर, तो 184.087 असा दुरुस्त झाला. ताशी 296 किलोमीटर. हा तपशील सिनेमात नाही, सिनेमा आधीच निघाला होता, पण मला तो सगळ्या सिनेमापेक्षा आवडतो. सत्तेचाळीस वर्षांनी बेरीज तपासणारा मुलगा!

सिनेमातलं एक कपाट मात्र नीट बघण्यासारखं आहे. मन्रोच्या शेडमध्ये फुटलेली पिस्टनं, वाकलेले रॉड, जळालेले पार्ट मांडून ठेवलेत आणि वर लिहिलंय, वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य, अशा अर्थाचं काहीतरी. डोनाल्डसनने 1971 साली खुद्द मन्रोवर माहितीपट केला होता, त्याचं नावही हेच. म्हणजे त्याला या कपाटाचं वजन माहीत होतं. तरी 2005च्या सिनेमात कॅमेरा त्यावरून प्रेमाने फिरतो आणि पुढे जातो. चाळीसहून जास्त वर्षांची मोडतोड एका फळीवर मावते. मन्रो बॉनव्हिलला अनेकदा गेला. सिनेमा त्या सगळ्या फेऱ्या एका प्रवासात कोंबतो आणि पहिल्याच खेपेला त्याला दोनशे मैलांच्या वर नेतो. सिनेमाला हे करावं लागतं, मान्य. पण घरच्या शेडमधलं काम दिसतं कसं, हे त्यामुळे कायमचं बिघडतं. ते काम म्हणजे नव्वद टक्के वेळा जे बसायला हवं ते न बसणं.

आमच्या अंगणात काय झालं ते सांगतो.

मिरज-पंढरपूर रस्त्यावर एका भंगारवाल्याकडे अपघातातली गाडी आली होती. मागून चेपलेली, पुढून कोरी. पुढचा सगळा सेट मी साडेचार हजाराला उचलला. घरी आणून स्प्लेंडरचं हँडल, शॉकअप, चाक उतरवलं आणि पहिल्या तासातच कळलं की काहीही कशाला बसत नाही. डिस्क लावायची तर कॅलिपर धरायला शॉकअपवर कान हवेत, म्हणून शॉकअप बदलायचे. शॉकअपची नळी जाड, म्हणून टी बदलायची. टी बदलली तर तिचा दांडा स्प्लेंडरच्या मानेत शिरत नाही, कोन सेट जुळत नाही. शेवटी लेथवाल्याकडे दोन्ही टींचे दांडे प्रेसवर काढले आणि स्प्लेंडरचा दांडा नव्या टीमध्ये बुश मारून बसवला. लेथवाल्याने पैसे घेताना फक्त एवढंच विचारलं, "कोण चालवणार?" मी म्हटलं, बाबा. तो काही बोलला नाही.

मग स्पीडोमीटरची केबल. मग लिव्हरमधल्या ब्रेक लाइटच्या स्विचची पिन. मग मडगार्ड. ऑफिसमध्ये आम्ही याला डिपेंडन्सी म्हणतो आणि एक कमांड देऊन शिव्या घालत बसतो. इथे प्रत्येक डिपेंडन्सी म्हणजे एक दुपार, एक फोन, आणि कुणाच्या तरी दुकानाबाहेर उभं राहणं. मला हे फार आवडलं, खोटं कशाला बोलू. लॅपटॉपवर दीड वर्ष घरातून काम करून हाताला काही लागत नव्हतं. इथे संध्याकाळी नखांत ग्रीस होतं.

एक गोष्ट मला नंतर वाचून कळली, जी आधी कळायला हवी होती. हँडलच्या दांड्याची रेघ मनातल्या मनात जमिनीपर्यंत वाढवा. टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे ती जमिनीला लागते. या अंतराला ट्रेल म्हणतात. मॉलमधल्या ट्रॉलीचं चाक जसं ढकलल्या दिशेला आपोआप सरळ होतं, तशी गाडी या अंतरामुळे सरळ राहते. आमचं जुनं चाक अठरा इंची, नवं सतरा. नवे शॉकअपही बोटभर आखूड. गाडी पुढून खाली बसली, मानेचा कोन उभा झाला, ट्रेल कमी झाला. हँडल हलकं झालं. मी पहिली चक्कर मारली आणि वाटलं, वा, काय झटपट वळते! तो गुण नव्हता.

ब्रेकचं त्याहून मोठं. ड्रम ब्रेकला तार असते. लिव्हर दाबली की तार ओढली जाते, लायनर फुलून ड्रमला घासतात, आणि जुन्या गाडीत ही तार ताणली जाऊन, लायनर झिजून, लिव्हर मुठीला टेकेपर्यंत दाबली तरच गाडी थांबायचं मनावर घेते. डिस्कमध्ये तेल असतं. लिव्हरपाशी छोटा पिस्टन, कॅलिपरमध्ये मोठा. बोटांचा थोडा जोर तिथे कितीतरी पट होतो. दोन बोटं पुरतात. हे सगळं मला पाठ होतं, व्हायवात सांगितलं असतं.

बाबांनी अठरा वर्षं ती गाडी मुठीने थांबवली होती.

आणि आता तो बीअरचा पत्रा. आईने विचारलं, "हे दुसऱ्या गाडीचं नं? चालतंय का असं लावलेलं?" मी म्हटलं, "अगं, कंपनीतनं येतं तसलंच आहे. आता सगळ्या गाड्यांना हेच येतं." पर्सिगने जो विनोद मनातल्या मनात केला, तो मी प्रत्यक्षात केला. छपाई खरवडून दिली. ती खूश झाली.

जुलैत आई-बाबा सांगलीला मामाकडे निघाले होते. पाऊस थांबून तासभर झालेला, रस्त्याच्या कडेला चिखल वाहून आलेला. आई नेहमीसारखी साडीत, एका बाजूला बसून, एक हात बाबांच्या खांद्यावर, एक मांडीवरच्या पिशवीवर. कुत्रं आडवं आलं. बाबांनी मूठ आवळली, जशी अठरा वर्षं आवळत होते तशी. पुढचं चाक जाग्यावर धरलं, हँडल फिरलं. वेग तिशीच्या आतला असेल. बाबांना खरचटलं. आई डाव्या हातावर पडली, मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर.

दोष नेमका कशाचा? मला खरंच सांगता येत नाही. ओला रस्ता, चिखल, कुत्रं, हे सगळं होतंच. बाबा म्हणतात, डिस्क नसती तर कुत्र्यावरच गेलो असतो आणि जास्त जोरात पडलो असतो. आई म्हणते, कुत्रं पळालंच असतं. दोघांचंही बरोबर असू शकतं. मला एवढंच माहीत आहे की मी गाडीचे सगळे पार्ट मोजले होते, व्हर्निअर लावून मोजले होते, आणि बाबांचा हात मोजला नव्हता. तो हातही जुन्या मॉडेलचा होता. आईची बसायची पद्धतही.

ऑगस्टमध्ये जुनं तोंड परत बसवलं आणि मग मी पुस्तक पुन्हा वाचायला काढलं. या वेळी एक गोष्ट इतकी ठळक दिसली की आधी कशी दिसली नाही याचं आश्चर्य वाटलं. निवेदक एकटा प्रवासाला निघालेला नाही. त्याच्यामागे त्याचा मुलगा ख्रिस बसलाय, जेमतेम अकरा वर्षांचा. शेकडो पानं वडील मनातल्या मनात गुणवत्तेवर प्रवचन करताहेत, अडकलेल्या स्क्रूसमोर माणसाने कसं शांत राहावं ते सांगताहेत, आणि मागे हा मुलगा कंटाळतोय, पोटदुखीची तक्रार करतोय, रडतोय. त्याला बापाच्या पाठीपलीकडे काही दिसत नाही. शेवटाकडे तो फूटरेस्टवर उभा राहतो, बापाच्या खांद्यावरून पुढे बघतो, आणि त्याला पहिल्यांदा रस्ता दिसतो. समीक्षक या शेवटाला बाप-लेकाचं मनोमीलन म्हणतात. असेलही. मला त्यात पुस्तकाने स्वतःवर दिलेला निकाल दिसतो. गाडीची गुणवत्ता तपासायची जागा इतकी पानं मागच्या सीटवर होती आणि निवेदक ती टूलकिटमध्ये शोधत होता.

आणि तरी पर्सिगला हे कळलं होतं असं मला वाटतं, म्हणूनच पुस्तक त्याच्या तत्त्वज्ञानापेक्षा मोठं आहे. सुरुवातीलाच त्याने एका गॅरेजचा प्रसंग दिलाय. पोरं रेडिओ लावून, गप्पा मारत त्याची गाडी उघडतात, काहीतरी करून परत देतात, पुन्हा बिघडते. शेवटी निघते काय तर तेलाच्या यंत्रणेतली एक तुटलेली पिन, किंमत पंचवीस सेंट. त्याचा राग त्यांच्या अज्ञानावर नाही, त्यांना पर्वा नाही यावर आहे. मी हा उतारा वाचून नेहमी मान डोलवायचो. या खेपेला मला वाटलं, मी रेडिओ लावला नव्हता, मला पर्वा होती, कामाची भयंकर पर्वा होती. पर्वा कशाची, हा प्रश्न पर्सिग तिथे विचारत नाही. कामाची आस्था आणि माणसाची आस्था तो एकच धरून चालतो. एकटा माणूस एकटी गाडी दुरुस्त करतो तेव्हा त्या एकच असतातही.

मन्रोचं कोडं इथेच सुटतं. बॉनव्हिलला गाडीची तपासणी होते तो सिनेमातला सगळ्यात मजेदार प्रसंग आहे. अधिकारी विचारतात, पॅराशूट? नाही. आग विझवायची सोय? नाही. ब्रेक? जवळपास नाहीच. टायरला भेगा. वर म्हाताऱ्याचं वय. ते नाही म्हणतात, आणि आपण प्रेक्षक त्यांच्यावर चिडतो, नियमावर बोट ठेवणारी रुक्ष माणसं! मग ते विरघळतात आणि त्याला धावू देतात, आणि आपण टाळ्या वाजवतो. हा सिनेमा मी त्या सप्टेंबरमध्ये बाबांसोबत बसून पाहिला. आई आत होती. बाबा सबटायटल्स हळू वाचतात, म्हणून मी मधे मधे पॉज करत होतो. हा प्रसंग आला तेव्हा मी हसलो. बाबांनी विचारलं, "त्या गाडीला मागं सीट हाय का?"

नाही. तिथे सीट नाही, पुढे मैलोन् मैल मीठ आहे, आडवं यायला कुत्रं नाही. मन्रो मरायला तयार होता आणि मरणारा तोच होता. त्याला तेवढा हक्क होता, आणि अधिकारी विरघळले ते बरोबरच केलं. सिनेमाची लबाडी एवढीच की तो हे सांगत नाही. तो मन्रोचं स्वातंत्र्य कुणालाही घरी नेता येईल असं पार्सल बांधून देतो. आपल्याकडे मोटरसायकल एकट्याची नसते. दुधाचे कॅन, शाळेची दोन पोरं, डबलसीट बहीण, गॅसची टाकी, सगळं त्याच सीटवर.

मोटर वाहन कायद्याचं कलम 52 मी नंतर वाचलं. नोंदणीपुस्तकात कंपनीच्या मूळ तपशिलाप्रमाणे जे लिहिलंय त्याच्याशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात तेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. मालक म्हणजे आमच्या बाबतीत बाबा. बदल मी केला, मनगट आईचं मोडलं आणि दंड बाबांना बसला असता. कायदा पोराने माळ्यावरून पाना काढला त्या क्षणापर्यंत पोहोचत नाही, तो रस्त्यावर हात करून थांबवतो. तोवर उशीर झालेला असतो. पण मागच्या सीटचा विचार या कायद्यात पर्सिगपेक्षा जास्त आहे, हे कबूल करताना इंजिनिअर म्हणून जरा लाज वाटते.

एवढं सगळं झाल्यावर, ही दोन्ही वाचू-पाहू नका असं मी सांगणार का? नाही. मी ती पुन्हा वाचेन, पुन्हा पाहीन. पिस्टन ओततानाचा हॉपकिन्सचा चेहरा, डोळे बारीक करून वितळलेल्या धातूकडे बघणं, असं काम करतानाचा चेहरा मला दुसऱ्या कुठल्या सिनेमात दिसलेला नाही. आणि पर्सिगची अडकलेल्या स्क्रूवरची पानं मी ऑफिसमधल्या नव्या पोरांना अजून पाठवतो. फक्त तो बीअरच्या कॅनचा विनोद आता मला जॉनच्या बाजूने वाचता येतो. जॉनला पत्र्याची जाडी कळत नव्हती, ठीक. पण हँडल त्याचं होतं, मागे बायको बसायची, सिल्व्हिया. काय लावलंय ते त्याला खरं सांगितलं गेलं आणि तो नको म्हणाला. आईला नको म्हणायची संधी मी दिली नाही.

स्प्लेंडर परत ड्रमवर आहे. लायनर नवे, तारही नवी. आईचं मनगट थंडीत दुखतं. मागच्या दिवाळीला मी गेलो होतो तेव्हा बाबा बाजारात निघाले, आई मागे बसली, एका बाजूला, पिशवी मांडीवर. बसण्याआधी तिने पुढे वाकून चाकाकडे बघितलं आणि मला विचारलं, "हे आपलंच आहे नं?"

मी म्हटलं, हो. तार तेवढी लोकल कंपनीची आहे.

"बरं," ती म्हणाली आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.